झोपेची गोळी नव्हेच ती

माझी मावशी एका पतसंस्थेत कॅशिअर आहे. मागच्या वर्षी तिला नैराश्यावरच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्या लागूही पडल्या. पहाटेचं रडू थांबलं, फोडणीचा वास पुन्हा बरा वाटू लागला. पण रोज ११ च्या सुमारास नोटा मोजता मोजता तिचा डोळा लागायचा. शंभराची गड्डी, बोटाला ओला स्पंज, आणि त्रेसष्ट-चौसष्टच्या आसपास कुठेतरी आकडा हरवायचा. की पुन्हा पहिल्यापासून. घरात सगळ्यांचं एकच मत: "झोपेच्याच गोळ्या आहेत त्या, झोप येणारच."

हे मत महागात पडतं. एकदा 'झोपेची गोळी' असं नाव पडलं की माणूस "आज बरी झोप येतेय, आज नको" म्हणून ती सोडतो. नैराश्यावरचं औषध असं अधूनमधून घेतलं तर त्रास तेवढा होतो आणि गुण येत नाही.

मग झोप येते कुठून? यातली एक वाट इतिहासातून जाते. १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या म्युन्स्टरलिंगेनच्या मनोरुग्णालयात रोलँड कून नावाचे डॉक्टर गायगी कंपनीची नवी रसायनं रुग्णांवर तपासून पाहत होते. त्यातल्या इमिप्रामिनचा स्किझोफ्रेनियावर उपयोग झाला नाही, पण खोल उदासीत बुडालेले काही रुग्ण त्याने सावरले. कून यांनी हे १९५७ मध्ये प्रसिद्ध केलं. या रसायनांचं मूळ घराणं मात्र सर्दी-ॲलर्जीच्या औषधांचं, म्हणजे अँटिहिस्टामिनचं. ते घराणं उभं करणाऱ्यांपैकी डॅनियल बोव्हे यांना नोबेल मिळालं तेही १९५७ मध्येच. सर्दीची गोळी घेतल्यावर जी गुंगी येते, तिचा वारसा इमिप्रामिनच्या भावंडांकडे असा आला.

हिस्टामिन म्हटलं की आपल्याला अंगावरची पित्तं आणि वाहणारं नाक आठवतं. पण मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात, हिस्टामिन सोडणाऱ्या पेशींचा एक छोटासा पुंजका आहे. आपण जागे असतो तेव्हा या पेशी सतत संदेश सोडत राहतात, झोपेत त्या जवळपास गप्प होतात. त्यांचा संदेश मेंदूत जिथे पोचतो ती जागा औषधाने अडवली, की पापण्या जड होतात. ॲमिट्रिप्टिलिन, डॉक्सेपिन आणि मिर्टाझापिन ही नैराश्यावरची औषधं ती जागा घट्ट अडवतात. डॉक्सेपिन नैराश्यासाठी दिवसाला ७५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लागतं. तेच औषध अमेरिकेत २०१० पासून झोपेसाठी मान्य आहे, ३ आणि ६ मिलिग्रॅममध्ये! म्हणजे झोप आणायला पंचविसावा हिस्सा पुरतो. मन सावरणं हे त्याचं वेगळं काम आहे आणि त्याला वेगळा डोस लागतो.

पण आज जी औषधं सर्वांत जास्त लिहिली जातात, फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, ती हिस्टामिनच्या वाटेला फारशी जात नाहीत. तरी ती घेणारे काहीजण दिवसा पेंगतात. इथे गडबड रात्रीच्या झोपेत असते. ही औषधं स्वप्नांची झोप कमी करतात, झोप तुकड्यातुकड्यांची होते, मध्येच चित्रपटासारखी ठसठशीत स्वप्नं पडतात, काहीजण झोपेत दात खातात. माणूस आठ तास अंथरुणात असतो, पण विश्रांती पाच तासांचीच मिळते. दुपारची पेंग म्हणजे त्या उरलेल्या तासांची वसुली.

हा फरक नीट पाहायला हवा, कारण दोन्हींचे उपाय उलट आहेत. हिस्टामिन अडवणारी गोळी सकाळी घेतली तर दिवस वाया जातो. ती रात्री घ्यायची, आणि सकाळी डोकं जड राहत असेल तर ११ ऐवजी ८-९ ला, म्हणजे गुंगीचा भर उजाडण्याआधी सरतो. फ्लुओक्सेटिनसारखी चाळवणारी गोळी मात्र रात्री घेतली की झोपेचं खोबरं होतं. तिची जागा सकाळच्या नाश्त्यानंतर. वेळ बदलताना डॉक्टरांना एक फोन करावा, बस. मला तर वाटतं, प्रिस्क्रिप्शनवर गोळीच्या नावाइतक्याच ठळक अक्षरात वेळ लिहायला हवी.

आता मावशीची गोळी. एका रविवारी तिची स्ट्रिप उलटी करून, चष्मा कपाळावर सरकवून, मी मागची बारीक अक्षरं वाचली. एस्सिटालोप्रॅम १० मिलिग्रॅम, आणि त्याच गोळीत क्लोनाझेपॅम, म्हणजे बेचैनी शांत करणारं गुंगीचं औषध, ०.५ मिलिग्रॅम. आपल्याकडे ही जोडगोळी सर्रास मिळते आणि तिच्यामागे कारण आहे. एस्सिटालोप्रॅमचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि सुरुवातीला कधीकधी बेचैनी वाढते. तेवढे दिवस निभावून नेण्यासाठी क्लोनाझेपॅमचा टेकू देतात. टेकू काढायचा असतो. मावशी मात्र त्याच चिठ्ठीवर दुकानातून आठ महिने तीच स्ट्रिप आणत होती.

क्लोनाझेपॅम शरीरातून निम्मं व्हायला साधारण ३० ते ४० तास लागतात. आज रात्री घेतलेल्या गोळीतलं निम्म्याहून जास्त उद्या रात्री शिल्लक असतं, त्यावर नवी गोळी पडते. काही दिवसांत ते एका पातळीवर थांबतं, पण त्या पातळीवर सकाळचे ११ म्हणजे अर्धी रात्रच. घरादाराने आठ महिने ज्या औषधाला नावं ठेवली ते बिचारं एस्सिटालोप्रॅम निर्दोष होतं.

हे वाचून कुणी घरच्या घरी क्लोनाझेपॅम बंद करू नये, अगदी आजच्या आजही नको. बरेच दिवस घेतल्यावर ते एकदम तोडलं तर झोप पार उडते, घबराट होते, प्रसंगी फिट येते. नैराश्याच्या गोळ्यांचंही तसंच: पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन झटकन सोडलं की चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं वाटणं. उतरायचं ते डॉक्टरांनी आखलेल्या पायरीपायरीनेच.

पेंग आली की आधी बाकीचं कपाट तपासावं. सर्दीची गोळी, खाजेची गोळी, कंबरदुखीसाठी दिलेलं प्रेगाबालिन, रात्रीचा 'एकच पेग' हे सगळे गुंगीत भर घालतात. रक्त कमी असणं, थायरॉइड मंद असणं, घोरता घोरता श्वास अडकणं, हेही दिवसा पेंगवतात आणि नाव गोळीचं होतं. खुद्द नैराश्यातही काहींना झोप अतोनात येते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराची साधी नोंद न्यावी: गोळी किती वाजता, पेंग किती वाजता, रात्री किती वेळा जाग. "फार झोप येते हो" यापेक्षा "गोळी दहाला, पेंग अकरा ते एक" हे वाक्य कितीतरी कामाचं.

सवय होईपर्यंतचे पहिले एक-दोन आठवडे स्कूटर, गिरणीचा पट्टा, शिडी यांपासून लांब राहिलेलं बरं. दुपारी वीस मिनिटांची डुलकी चालते, तीननंतर नको. सकाळचं ऊन आणि चालणं उपयोगी पडतं. चहाही चालतो, पण एक गंमत: ओसीडीसाठी (मंत्रचळासाठी) दिलं जाणारं फ्लुव्होक्सामिन यकृतातलं कॅफिन फोडणारं विकर अडवतं, त्यामुळे कॅफिन शरीरात कित्येक पट जास्त वेळ रेंगाळतं. चारचा कप मध्यरात्रीही अंगात असतो.

झोपेखेरीजचे त्रास थोडक्यात. मळमळ पहिल्या दोन आठवड्यांत बहुधा ओसरते. यातल्या बहुतेक गोळ्या सेरोटोनिन या रसायनावर काम करतात, आणि शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असतं, त्यामुळे पोटाने कुरकुर करणं साहजिकच. गोळी जेवणानंतर घ्यावी. ॲमिट्रिप्टिलिनने तोंडाला कोरड पडते आणि पोट साफ होत नाही, त्यावर घोट घोट पाणी, बडीशेप, इसबगोल. मिर्टाझापिनने भूक खवळते, तेव्हा महिन्याला वजन करावं. कामेच्छा मंदावणं किंवा तृप्ती न येणं हा सेरोटोनिनवाल्या गोळ्यांचा नेहमीचा परिणाम, आणि आपल्याकडे याबद्दल डॉक्टर विचारत नाहीत, रुग्ण बोलत नाही. मग एक दिवस गोळी गुपचूप बंद होते. डोस कमी करणं किंवा ब्युप्रोपिऑनसारख्या वेगळ्या गोळीकडे वळणं असे मार्ग आहेत, पण त्यासाठी कुणीतरी विषय काढायला हवा.

दोन गोष्टींत मात्र वाट पाहत बसू नये. साठीपुढचं माणूस नव्या गोळीनंतर पेंगुळलं, बरळायला लागलं, तोल जाऊ लागला, तर रक्तातलं सोडियम त्याच दिवशी तपासावं. या गोळ्यांनी ते उतरू शकतं. आणि पंचविशीच्या आतलं कुणी सुरुवातीच्या आठवड्यांत फार अस्वस्थ झालं, जिवाचं काही बोलू लागलं, तर लगेच डॉक्टर गाठावा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

मावशीच्या डॉक्टरांनी साधं एस्सिटालोप्रॅम सकाळी ठेवलं आणि क्लोनाझेपॅम पाव-पाव करत दोन महिन्यांत उतरवलं. मधल्या काही रात्री तिने भिंतीकडे बघत काढल्या. आता गड्डी एकदाच मोजते. गोळीमुळे येणारा घाम मात्र अजून आहे, ऐन थंडीतसुद्धा. काउंटरवर रुमाल दोन लागतात.