वळण

रस्त्याला वळण असतं, अक्षराला वळण असतं आणि मुलांना वळण लावावं लागतं. या तिसऱ्या वळणाबद्दल आपली भाषा दोन तोंडांनी बोलते. एकीकडे आईबापांच्या मागे ‘वळण लावा’ म्हणून लागते, दुसरीकडे ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून हात झटकते. माणूस चांगला घडतो की तसाच जन्माला येतो, हा वाद निदान अडीच हजार वर्षं चालू आहे. गेल्या शंभर वर्षांत मानसशास्त्रज्ञही प्रयोग घेऊन त्यात उतरले आहेत.

हा वाद सर्वांत रंगला तो चीनमध्ये. इ.स.पू. चौथ्या शतकातला तत्त्वज्ञ मेन्सियस म्हणतो: एक लहान मूल विहिरीत पडायच्या बेतात आहे, असं अचानक दिसलं तर कोणाच्याही पोटात धस्स होतं. मुलाच्या आईबापांशी ओळख वाढवायची म्हणून नव्हे, गावाने वाहवा करावी म्हणूनही नव्हे. विचार करायला वेळच मिळालेला नसतो. मेन्सियसच्या मते हा सद्गुणाचा कोंब. करुणा, लाज, नम्रता आणि बरंवाईट कळणं असे चार कोंब प्रत्येकात असतात. पण कोंब म्हणजे झाड नव्हे. सोंग राज्यातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट तो सांगतो. रोपं वाढत नाहीत म्हणून या गड्याने एकेक रोप धरून वर ओढलं आणि ‘आज दमलो बुवा, रोपांना वाढायला मदत केली’ असं घरी येऊन सांगितलं. मुलगा धावत शेतावर गेला, तर सगळी रोपं सुकलेली. मुलांना सुट्टीतल्या संस्कार शिबिरात घालून महिन्याभरात गुणी करू पाहणाऱ्या पालकांना ही गोष्ट ऐकवावी असं मला नेहमी वाटतं.

पुढच्या शतकातल्या शुन्झीला हे कोंबांचं बोलणं अजिबात पटलं नाही. माणूस मुळात हावरा आणि मत्सरी, त्याला मोकळं सोडलं तर भांडणंच होणार, असं त्याचं म्हणणं. वाकडं लाकूड वाफेवर मऊ करून साच्यात दाबल्याशिवाय सरळ होत नाही आणि बोथट पात्याला दगडावर घासल्याशिवाय धार येत नाही. त्याचा साचा म्हणजे गुरू आणि रीतिरिवाज. गंमत अशी, की रोज काय करायचं यावर दोघांत फारसा फरक उरत नाही: शिका, रीत पाळा, चांगल्यांच्या संगतीत राहा. एकाच्या हाती पाण्याची झारी, दुसऱ्याच्या हाती रंधा, एवढंच.

तान्ह्या बाळांवरच्या प्रयोगांनी हा वाद मिटेल असं मध्यंतरी वाटलं होतं. २००७ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांना एक छोटा खेळ दाखवला. डोळे चिकटवलेला एक ठोकळा टेकडी चढायला धडपडतोय, दुसरा त्याला वर ढकलतो, तिसरा खाली लोटतो. मग दोन्ही ठोकळे पुढे धरले, तर बहुतेक बाळांनी मदत करणाऱ्याकडे हात नेला. मेन्सियस जिंकला! पण पुढे अनेक देशांतल्या प्रयोगशाळांनी एकत्र येऊन अशाच प्रकारचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला, तेव्हा ही पसंती दिसली नाही. तेव्हा कोंबांचा निकाल अजून लागायचा आहे.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने प्रश्नाची मांडणीच बदलली. सद्गुण निसर्गाने दिलेले नसतात आणि निसर्गाविरुद्धही नसतात. ते घेण्याची क्षमता तेवढी आपल्यात असते आणि सवयीने ती पुरी होते. ग्रीकमध्ये ‘एथोस’ म्हणजे सवय आणि ‘एथोस’ म्हणजेच चारित्र्य. पहिल्यातला ‘ए’ ऱ्हस्व, दुसऱ्यातला दीर्घ. बांधकाम करून करून माणूस गवंडी होतो, तसा न्यायाने वागून वागून न्यायी होतो. आणि चुकीचं बांधत राहिला तर वाईट गवंडी होतो, हेही तो लगेच जोडतो. नुसती तत्त्वचर्चा करणाऱ्यांना तो अशा रोग्याची उपमा देतो, जो वैद्याचं सगळं कान देऊन ऐकतो आणि सांगितलेलं काहीच करत नाही.

मला हे अक्षर गिरवण्यासारखं वाटतं. आधी बाई हात धरून पाटीवर ‘ग’ काढून घेतात, मग आपण गिरवतो आणि कधीतरी ते अक्षर आपलं होतं. ॲरिस्टॉटलचा कसही तसाच कडक आहे. जो मन मारून योग्य ते करतो, तो बरा माणूस; पण सद्गुणी तो, ज्याला ते करताना आनंद होतो.

यावर ‘२१ दिवसांत सवय लागते’ हा मोबाइलवर फिरणारा संदेश आठवेल. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळं सांगतो. जेवणाबरोबर पाणी किंवा फळ घेणं, थोडं चालणं असल्या साध्या सवयी अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरतील, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. अर्थात हे पाणी पिण्याचं झालं. खरं बोलण्याला किती दिवस लागतात, ते कोणी मोजलेलं नाही.

खऱ्या बोलण्याविषयी भारतातला एक जुना धडा मात्र आहे. बुद्धाने आपल्या मुलाला, राहुलाला विचारलं, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, राहुल म्हणाला. मग कोणतंही कृत्य करण्याआधी, करताना आणि केल्यानंतरही असंच पाहा: यातून मला किंवा दुसऱ्याला त्रास होतोय का? सम्राट अशोकाने राजस्थानातल्या बैराटच्या शिलालेखात जे थोडे बुद्धोपदेश आवर्जून ऐकायला सांगितले, त्यांत राहुलाला खोटेपणाविषयी केलेला हा उपदेश आहे. नुसत्या सवयीत जे हरवतं, ते इथे आहे: क्षणभर थांबून पाहणं.

कारण गिरवलेलं अक्षरही घाईत बिघडतं. परीक्षेतल्या उत्तरपत्रिकेचं पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवून बघा. अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी १९२८ साली हजारो शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेत नक्कल न करणारं मूल खेळात किंवा पैशांच्या बाबतीतही प्रामाणिक असेलच, असा भरवसा त्यांना देता आला नाही. प्रामाणिकपणा प्रसंगागणिक बदलत होता.

त्याहून बोचरा प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षणाच्या ४० विद्यार्थ्यांना एक छोटं भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. काहींचा विषय होता बायबलमधली गोष्ट: वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या शोमरोनी प्रवाशाची. बोळात एक माणूस मान टाकून, खोकत-कण्हत बसलेला. तो संशोधकांनीच बसवला होता. ज्यांना ‘वेळ आहे, सावकाश जा’ म्हटलं होतं, त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, तिकडे वाट बघताहेत’ म्हटलं, त्यांच्यातले १० टक्के. भाषणाचा विषय तोच असण्याने लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. काही जण तर मदतीच्या गोष्टीवर बोलायला जाताना त्या माणसाला ओलांडून गेले.

जॉन डोरिससारखे तत्त्वज्ञ यावरून म्हणतात, की पक्कं चारित्र्य वगैरे काही नसतं, असते ती परिस्थिती. मला हा निष्कर्ष जरा उतावळा वाटतो. त्याच शोधनिबंधात आणखी एक नोंद आहे. न थांबता पुढे गेलेले विद्यार्थी दुसऱ्या इमारतीत पोचले, तेव्हा त्यांच्यातले अनेक जण बेचैन, अस्वस्थ दिसत होते. मेन्सियसने त्या बेचैनीकडे बोट दाखवून म्हटलं असतं, हा बघा कोंब. आणि शुन्झी म्हणाला असता, असेल, पण पाय काही थांबले नाहीत.