झाकण ठेवा, आच कमी करा

पहिल्यांदा खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या शेगडीला सहसा एकच आच ठाऊक असते, ती म्हणजे मोठी. पोटात कावळे ओरडत असतात, हाताशी एकच पातेलं असतं, आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं की अन्न लवकर शिजतं अशी पक्की समजूत असते. तळणाच्या बाबतीत त्यात थोडं तथ्य आहे. पण स्वस्तातला बहुतेक स्वयंपाक पाण्यात होतो. भात, डाळ, कडधान्यं, बटाटे, अंडी, पास्ता यांना मोठ्या आचेचा काडीचाही उपयोग नसतो.

समुद्रसपाटीला पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं आणि उघड्या भांड्यात त्याच्या वर जात नाही. आच दुप्पट केली तरी पाणी तेवढंच गरम राहतं, फक्त वाफ दुप्पट होते. बटाट्याला भोवतालचं पाणी किती गरम आहे एवढंच कळतं, खाली ज्योत केवढी आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आता हिशेब बघा. एक लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे 335 किलोज्यूल ऊर्जा लागते. उकळलेल्या त्याच लिटरभर पाण्याची पूर्ण वाफ करायला लागतात सुमारे 2,260 किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ पावणेसातपट. याचा अर्थ असा की पातेल्यातून जेमतेम दीडशे मिलिलिटर पाणी उडून गेलं, तर अख्खं लिटरभर पाणी उकळीला आणण्याइतकं इंधन खिडकीतून बाहेर गेलं.

झाकणाचं काम इथे सुरू होतं. वर गेलेली वाफ झाकणाला लागून पुन्हा पाणी होते, आणि पाणी होताना घेतलेली उष्णता परत देते. उकळी फुटली की झाकण ठेवायचं आणि पाणी जेमतेम बुडबुडत राहील इतकी आच कमी करायची. अन्न तितक्याच वेळात शिजतं. म्हणून नवीन संसारात पैसे घालायचेच असतील तर नॉनस्टिक तव्याआधी जाड बुडाचं आणि घट्ट झाकणाचं एक पातेलं घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कमी पैशांत पोटभर जेवण हा प्रश्न एका नामांकित भौतिकशास्त्रज्ञानेही डोक्यात घेतला होता. बेंजामिन थॉम्पसन, म्हणजे पुढचा काउंट रमफर्ड, 1753 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मला आणि पुढे आजच्या जर्मनीतल्या बव्हेरियाच्या राजदरबारी चाकरीला लागला. तोफा कोरताना धातू तापतो हे पाहून उष्णता म्हणजे पदार्थ नव्हे तर गती, असं 1798 साली मांडणारा तो हाच. तिथल्या म्युनिकमध्ये गोरगरिबांसाठी त्याने कामघर, म्हणजे काम देऊन पोसणारी संस्था, उघडलं, तेव्हा इतक्या माणसांना रोज काय खायला घालायचं हा प्रश्न उभा राहिला. सोललेलं जव, वाटाणे, पुढे बटाटे, मीठ, थोडा व्हिनेगर आणि वर शिळ्या पावाचे तुकडे असं सूप तो मंद आचेवर तासन्‌तास शिजवून घेई. सरपणाचा हिशेब तो पैपैचा ठेवी. उघड्या चुलीत बहुतेक उष्णता वाया जाते हे ओळखून त्याने बंदिस्त चुली बांधल्या. एका बाबतीत मात्र त्याचं गणित चुकलं. इतक्या थोड्या धान्यात माणसांची भूक भागते, तेव्हा पाणी स्वतःच पौष्टिक असलं पाहिजे, असं त्याला वाटत होतं. सूप अंगी लागत होतं त्यामागे दुसरंही एक कारण होतं. त्याकडे पुढे येऊ.

आच नुसती कमी नव्हे, बंद करूनही बरंच काही शिजतं. तांदळातला स्टार्च साधारण 65 ते 75 अंशांच्या दरम्यान पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो. अंड्याचा पांढरा भाग 62 अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतो, पिवळा बलक 65 ते 70 अंशांत. उकळी ही यातल्या कुणाचीच गरज नाही. भांड्यातल्या पाण्याने दहा-बारा मिनिटं सत्तरच्या वर राहावं, एवढंच हवं. त्यामुळे अंडी पाण्यात घालून उकळी आणायची, शेगडी बंद करून झाकण ठेवायचं आणि बारा मिनिटं अभ्यासाला बसायचं. पास्त्यालाही हे लागू आहे. 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे इटलीचे जॉर्जो पारिसी यांनी पुढच्या वर्षी, युरोपात गॅस महागला असताना, पास्ता उकळत्या पाण्यात घालून थोड्या वेळाने आच बंद करायची ही युक्ती उचलून धरली, तेव्हा तिथले काही नामवंत आचारी चांगलेच खवळले. युक्ती खरं तर जुनीच. 1867 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नॉर्वेहून आलेली एक पेटी मांडली होती. तिच्या आतून उष्णता धरून ठेवणारं जाड अस्तर होतं. उकळतं भांडं आत ठेवून पेटी बंद केली की बाकीचं काम आपोआप होई. जाड टॉवेलात गुंडाळलेलं पातेलंही तेच करतं. शेगडी आधी पूर्ण थंड झालेली असावी, एवढी मात्र काळजी घ्या.

बंद आचेवर किंवा मंद तापणाऱ्या विजेच्या भांड्यात एक गोष्ट कधीही शिजवू नये, ती म्हणजे राजमा. कच्च्या राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा काही तासांत जोरदार उलट्या आणि जुलाब सुरू करायला पुरतात. उकळत्या पाण्यात ते नष्ट होतं, पण ऐंशी अंशांवर तासन्‌तास ठेवलेल्या दाण्यात ते टिकतं. दाणा मऊ झालेला असतो, म्हणून फसगत होते. रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं आणि ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळायचा. इथे काटकसर नको.

कडधान्य शिजायला वेळ का लागतो? दाण्यातल्या पेशी पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम हे पेक्टिन आणखी घट्ट धरून ठेवतात. जड पाण्यात हे दोन्ही क्षार जास्त असतात, म्हणून तिथे डाळ दाद देत नाही. भिजवायच्या पाण्यात लिटरला चमचाभर मीठ घातलं तर सोडियम सालीत शिरून कॅल्शियमला बाजूला सारतो आणि साल लवकर मऊ पडते. मिठाने कडधान्य निबर होतं हा समज भिजवण्याच्या बाबतीत तरी उलटाच आहे. आंबटाचं मात्र खरं आहे. आम्लात पेक्टिन सहजी विरघळत नाही, म्हणून टोमॅटो किंवा लिंबू दाणा बोटांनी चेपला जाऊ लागल्यावरच घालावं. चिमूटभर खाण्याच्या सोड्याने काम झटपट होतं, पण त्यापायी ब-1 जीवनसत्त्व गमवावं लागतं आणि हात सैल सुटला तर चव साबणासारखी लागते. रात्रभर भिजवणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय, त्याला फक्त आदल्या रात्री आठवण हवी. भिजवलेलं पाणी ओतून दिलं की पोटात गॅस करणाऱ्या काही शर्कराही त्याच्याबरोबर जातात.

प्रेशर कुकर मिळाला तर सोन्याहून पिवळं. डेनिस पापँ या फ्रेंच शोधकाने 1679 साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफ कोंडून हाडंसुद्धा मऊ करणारं भांडं मांडलं होतं. त्याची ही नातवंडं. आत दाब वाढला की पाणी 120 अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे तासाचं काम काही मिनिटांत होतं. दाब चढल्यावर आच मोठी ठेवली तर वाफ नुसती शिट्टीतून बाहेर पडत राहते.

आता रमफर्डच्या सूपाकडे. प्रथिनं अमिनो आम्लं नावाच्या घटकांची बनतात. त्यांतली नऊ शरीर स्वतः बनवू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. तांदूळ, गहू, जव या धान्यांत त्यांतलं लायसिन कमी पडतं. कडधान्यांत ते भरपूर असतं, पण मेथिओनिन कमी असतं. दोन्ही दिवसभरात कधीही पोटात गेली तर एकाची उणीव दुसरं भरून काढतं. एकाच घासात असायला हवीत असं मुळीच नाही. जव आणि वाटाणे एकत्र शिजवणाऱ्या रमफर्डला हे कळणं शक्य नव्हतं, कारण लायसिन वेगळं केलं गेलं ते 1889 साली, एडमुंड ड्रेक्सेल यांच्या हातून. एका पातेल्यात तांदूळ आणि डाळ घालून मोकळं होणाऱ्या विद्यार्थ्याने आळसापोटी का होईना, उत्तम आहारशास्त्र पाळलेलं असतं.

पाण्यात शिजवलेलं अन्न फिकं लागतं, ही तक्रार रास्त आहे. खमंगपणा येतो तो प्रथिनं आणि शर्करा यांच्यातल्या अभिक्रियेतून. लुई-कामिय माय्यार यांनी 1912 साली तिचं वर्णन केलं. ती साधारण 140 अंशांच्या वर वेग घेते, आणि पाणी आहे तोवर तापमान शंभरीपुढे सरकत नाही. कांद्यात जवळजवळ 89 टक्के पाणी असतं. ते उडेपर्यंत तो नुसता वाफवला जातो, म्हणून पातेलं गच्च भरू नये. एक कांदा नीट लाल परतून डाळीत घातला की अख्ख्या पातेल्याची चव बदलते. मोठी आच वापरायची हौस इथे भागवावी, लक्ष ठेवून.

उरलेल्या भाताची गोष्ट गंभीर आहे. तांदळात बॅसिलस सेरिअस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची चिवट सुप्त रूपं, असतात आणि ते शिजवण्यातून वाचतात. भात तासन्‌तास बाहेर राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यांतलं एक, सेरिउलाइड, 121 अंशांवर दीड तास ठेवूनही टिकतं. म्हणजे कुकरमध्ये घातलं तरी जाणार नाही. गरम करून घेतला की झालं, हा भरवसा इथे चालत नाही. भात ताटात पातळ पसरावा म्हणजे लवकर निवतो, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. फ्रिजमध्ये तो कडक होतो, कारण थंडीत स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून पाणी सोडतात. चमचाभर पाणी शिंपडून वाफ आणली की बराचसा मऊपणा परत येतो. परतून खायचा असेल तर पाणीही नको. कडक, सुटा दाणाच गरम तव्यावर नीट परतला जातो, ताज्या भाताचा तिथे लगदा होतो.