काळ्या रानातले खनिज आणि विघटनशील फिल्म : पार्श्वभूमी

उन्हाळ्यात सांगली-मिरजेच्या काळ्या रानात मनगट आत जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि वळवाच्या एक-दोन सरींनंतर तीच माती फुगून पायताणाला चिकटू लागते. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट गटाच्या खनिजाचा हा गुण आहे. त्याचे पापुद्रे जेमतेम १ नॅनोमीटर जाडीचे असतात आणि त्यांच्यामध्ये पाणी शिरते. याच गटातले खनिज, शुद्ध करून, आज विघटनशील, म्हणजे कुजून जाणाऱ्या प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये मिसळले जाते. रानातली ढेकळे यंत्रात टाकून मात्र हे काम होत नाही.

सुरुवात शेतीत नव्हे, मोटारीत झाली. १९८० च्या दशकात जपानमधील टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉन-६ मध्ये हे पापुद्रे सुटे करून विखुरले. सुमारे ५ टक्के खनिजानेच भाराखाली वाकण्याचे तापमान ६५ वरून १५० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, आणि टायमिंग बेल्टचे झाकण या पदार्थाचे बनू लागले. खनिज पाण्याचे सोबती, बहुतेक पॉलिमर (प्लास्टिकसारखे लांब रेणुसाखळ्यांचे पदार्थ) पाण्यापासून दूर राहणारे; म्हणून पापुद्र्यांमधील सोडियमच्या जागी लांब साखळीचे अमोनियम क्षार बसवावे लागतात. स्टार्चला पाणी मुळातच प्रिय असल्याने त्याला ही खटपट फारशी लागत नाही.

पुढे हीच युक्ती पॉलिलॅक्टिक आम्ल आणि पीबीएटी या दोन विघटनशील प्लास्टिकांच्या मिश्रणाकडे वळली. पहिले कडक पण ठिसूळ, दुसरे लवचिक पण मऊ, आणि दोघांचे एकमेकांत नीट विरघळणे नाही : एकाचे थेंब दुसऱ्यात तरंगत राहतात. पापुद्रे सीमेवर जाऊन बसले तर थेंब बारीक राहतात. शिवाय बाष्पाला आडव्या पापुद्र्यांना वळसे घालत जावे लागते. १९६७ मध्ये नील्सन या संशोधकांनी मांडलेले गणित हेच सांगते. प्रमाण वाढले की पापुद्र्यांच्या गुठळ्या होतात आणि फिल्म ताणताच फाटते, त्यामुळे हात आखडताच ठेवावा लागतो.

महाबळेश्वर-वाईकडच्या स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांना हे थेट लागू पडते. तिथे वाफ्यावर अंथरलेला पॉलिथिनचा मल्चिंग पेपर ओल धरतो, पण हंगाम संपला की तो गोळा करावा लागतो, आणि राहिलेल्या चिंध्या रोटाव्हेटरच्या पात्यांना गुंडाळतात. विघटनशील पेपर मातीतच जिरावा अशी अपेक्षा असते; मात्र खनिजामुळे तो लवकर जिरतो की उशिरा, याचे एकच उत्तर नाही. खनिजाच्या पृष्ठभागावरील हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) पाण्याला ओढून पॉलिमरच्या साखळ्या तुटण्याला हातभार लावतात, तर वळशांची वाट पाण्याला अडवते. त्यातच पॉलिलॅक्टिक आम्लाला झपाट्याने कुजायला कंपोस्टमधली ५८-६० अंशांची ऊब लागते. ती वाफ्यात मिळत नाही, म्हणून मल्चिंगच्या फिल्ममध्ये पीबीएटी किंवा स्टार्चचाच वाटा मोठा ठेवतात.