हाउलंड वंशाचा शोध

‘मेफ्लॉवर’ जहाजातून १६२० साली उत्तर अमेरिकेत उतरलेल्या जॉन हाउलंड याची वंशपरंपरा कागदपत्रांवरून जुळवण्याचे काम. आपल्याकडच्या कुलवृत्तांतासारखेच, मात्र येथे घराण्याची आठवण हा पुरावा धरला जात नाही. का, ते या घराण्याच्याच इतिहासात दिसते.

हाउलंड इंग्लंडच्या हंटिंग्डनशर परगण्यातील फेनस्टँटनचा. या प्रवाशांनी तेथे वसवलेल्या प्लिमथ वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याचा सेवक म्हणून तो आला. वाटेत वादळात तो समुद्रात फेकला गेला आणि पाण्यात लोंबणारा शिडाचा दोर हाती लागल्याने वाचला. पहिल्या वर्षभरात जहाजावरच्या १०२ प्रवाशांपैकी जवळजवळ निम्मे दगावले. कार्व्हर पतिपत्नीही गेली. पुढे हाउलंडने एलिझाबेथशी लग्न केले. ती कार्व्हरचीच मुलगी, असे वंशज पिढ्यान् पिढ्या सांगत. १८३६ मध्ये प्लिमथच्या दफनटेकडीवर बसवलेल्या शिळेवरही तेच कोरले गेले. गव्हर्नरचे रक्त कोणाला नको असते?

वसाहतीचा नंतरचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचे हस्तलिखित अमेरिकन क्रांतीच्या धामधुमीत बेपत्ता झाले होते. १८५५ मध्ये त्याचा ठावठिकाणा लंडनच्या बिशपच्या फुलहॅम येथील ग्रंथालयात लागला. त्याच्या शेवटी प्रवाशांची यादी आहे आणि १६५० च्या सुमारास प्रत्येकाचा वंश किती वाढला, तेही दिले आहे. तेथे स्पष्ट लिहिले आहे : हाउलंडची बायको जॉन टिली याची मुलगी, दोघेही हयात, १० मुले, सर्व हयात. टिली आणि त्याची पत्नीही जहाजावरच होती आणि किनाऱ्याला लागल्यावर लवकरच वारली. बेडफर्डशरमधील हेनलो येथे एलिझाबेथच्या १६०७ च्या बाप्तिस्म्याची नोंदही नंतर सापडली. शिळा बदलावी लागली.

एरवी भिस्त मृत्युपत्रे, जमिनीची खरेदीखते आणि न्यायालयीन कागद यांवर असते. जनगणनेचा उपयोग उशिरा होतो : अमेरिकेच्या १७९० च्या पहिल्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव आहे, घरातील गुलाम नसलेल्या सर्व माणसांची नावे १८५० पासून मिळतात. तारखांचा गोंधळ वेगळाच. १७५२ पर्यंत इंग्रजी वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून हाउलंडच्या मृत्यूचे साल १६७२/७३ असे जोडून लिहितात. ते फेब्रुवारीतले आहे, हे विसरले की एक वर्ष सहज चुकते.

आडनावावर विसंबणे तर सर्वांत घातक. सहा मुली लग्न होऊन सासरच्या नावाने नोंदल्या गेल्या. डिझायरचे वंशज गोरम, होपचे चिपमन. त्यामुळे हाउलंडचे असंख्य वंशज हाउलंड नाहीत. फ्रँकलिन रुझवेल्ट आणि थोरले जॉर्ज बुश हे राष्ट्राध्यक्ष त्यांपैकीच. उलट जॉनचे भाऊ हेन्री आणि आर्थर हेही वसाहतीत स्थायिक झाले, पण मेफ्लॉवरने आले नव्हते. १८९७ मध्ये स्थापन झालेली मेफ्लॉवर वंशजांची संस्था सदस्यत्वासाठी पिढीगणिक पुरावा मागते. हाउलंड आडनाव मिरवणाऱ्याची परंपरा यांपैकी एका भावाकडे वळली आणि दुसरीकडून जॉनशी नाते जुळले नाही, तर अर्ज तिथेच थांबतो.