सोबतचा माणूस (ग्रामीण विदर्भातील रुग्णशुश्रूषा)

ग्रामीण विदर्भातल्या सरकारी व धर्मादाय रुग्णालयांत भरती झालेल्या रुग्णाजवळ रात्रंदिवस राहणारा नातेवाईक म्हणजे सोबतचा माणूस. केसपेपर काढणे, औषधाच्या खिडकीपुढे रांग लावणे, रक्तदाता शोधणे, सलाईन संपत आली की सिस्टरला हाक मारणे, रुग्णाची कूस बदलणे, त्याला भरवणे, संडासला नेणे ही कामे बहुतेक तोच करतो. रुग्णालयाच्या कागदावर तो दिसतो तो संमतिपत्रावरच्या सहीपुरता किंवा अंगठ्यापुरता. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ आणि शिक्षण-रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ परिचारिका असावी. हे प्रमाण प्रत्यक्षात, विशेषतः रात्रपाळीला, क्वचितच सांभाळले जाते. उरलेली शुश्रूषा या माणसाच्या अंगावर पडते. म्हणून रुग्णाच्या मनाचा विचार सोबतच्या माणसाच्या मनापासून वेगळा काढता येत नाही.

विदर्भातल्या ११ जिल्ह्यांत खेड्यातला रुग्ण साधारण ठरलेल्या वाटेने जातो: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय, मग जिल्हा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, आणि शेवटी नागपूरचे ‘मेडिकल’ नाहीतर ‘मेयो’ ही मोठी सरकारी रुग्णालये. प्रत्येक टप्प्यावर ‘रेफर’ हा शब्द कानी पडतो. रेफर केले म्हणजे आता काही खरे नाही, असाच त्याचा अर्थ घरचे लोक लावतात. १०८ ची गाडी येईपर्यंतच्या वेळात कुठे नेत आहोत, का नेत आहोत आणि तिथे कुणाला भेटायचे, एवढे जरी सिस्टरने सांगितले तरी रडारड पुष्कळ थांबते. अनुभवी परिचारिका हे सांगतात. नव्या बहुधा कागद भरण्यातच अडकलेल्या असतात, आणि त्यात दोष त्यांचा एकट्यांचा नाही.

शुश्रूषेतले बोलणे किती उपयोगी पडते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण विषबाधेच्या रुग्णाचे आहे. कपाशीच्या पट्ट्यात फवारणीच्या दिवसांत असे रुग्ण येतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो जण भरती झाले. विष पिऊन आलेले रुग्ण तर वर्षभर असतातच. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकावर अ‍ॅट्रोपीन देतात. छाती कोरडी होईपर्यंत, म्हणजे फुप्फुसांतला स्राव आटेपर्यंत, ते द्यावे लागते आणि त्याने रुग्ण बरळू लागतो. बाहुल्या मोठ्या होतात, तोंडाला कोरड पडते, सलाईनची सुई उपटून काढायला हात जातो आणि बोटे हवेत बोंडे वेचल्यासारखी चालतात. मग हातपाय पट्टीने खाटेला बांधले जातात. सोबत आलेल्या बायकोला किंवा भावाला वाटते की माणूस वेडा झाला, नाहीतर बाहेरचे काही लागले.

त्यात रुग्ण सारखे पाणी मागतो. शुद्ध अर्धवट असताना कुणी मायेने पाण्याचा घोट पाजला तर ते श्वासनळीत जाऊन जीवावर बेतू शकते. ‘पाणी देऊ नका’ एवढेच ओरडून सांगितले तर ते चोरून पाजले जाते. जाणती सिस्टर गॉजचा ओला बोळा त्या बाईच्या हातात देते: ‘‘बाई, हे औषधानं होऊन राह्यलं. औषध उतरलं की वळखीन तो तुमाले. तवरोक याच्यानं फक्त ओठ ओले करा, पाजू नका.’’ बाईला काम मिळते, भीतीचे कारण कळते आणि रुग्णाचा एक धोका टळतो.

विष पिणाऱ्याच्या बाबतीत घरच्यांच्या मनावर आणखी एक ओझे असते, ते पोलिसांचे. रुग्णालयाला पोलिसांत वर्दी द्यावी लागते, त्यामुळे ‘चुकून प्यायला’, ‘खोकल्याचं औषध समजला’ अशी उत्तरे येतात आणि नेमके कोणते कीटकनाशक पोटात गेले हे दडून राहते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे असते आणि तिला शिक्षा करायची नसते. हे कलम खाटेजवळ दोन वाक्यांत सांगता येते आणि डबा कोणता होता हे विचारण्याआधीच सांगितलेले बरे.

इमारतीनेही माणूस घाबरतो, याचा धडा गडचिरोली जिल्ह्यात मिळाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. दवाखान्यात का येत नाही, असे त्यांनी आदिवासींना विचारले, तेव्हा उत्तरे औषधाबद्दलची नव्हती. मोठ्या इमारतीत हरवायला होते. नातेवाइकांना राहू देत नाहीत. मेलेल्या माणसाला आम्ही पांढऱ्या कपड्यात गुंडाळतो, आणि तुमचे डॉक्टर-नर्स पांढऱ्यातच वावरतात. त्यावरून ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीतले रुग्णालय आदिवासी गावाच्या धर्तीवर झोपड्यांचे झाले, रुग्णासोबत घरच्यांनी राहायची सोय झाली आणि नाव दंतेश्वरी देवीचे दिले गेले. ग्रामीण रुग्णालयांचे नकाशे काढणाऱ्यांनी हे उदाहरण अजून पुरेसे वापरलेले नाही.

कुष्ठरोगाच्या बाबतीत सोबतचा माणूसच नसे. घरचे लोक रुग्णाला सोडून देत, आणि शुश्रूषा करणाऱ्यालाच नातेवाईक व्हावे लागे. सेवाग्राम आश्रमात कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांच्या अंगाला गांधीजी स्वतः मालिश करीत. शास्त्रींची कुटी आजही तिथे आहे. वर्ध्याजवळचे दत्तपूर, अमरावतीचे तपोवन आणि वरोऱ्याचे आनंदवन ही याच वाटेवरची ठिकाणे.

रोजंदारीवर जगणाऱ्या घरात दोन माणसे दवाखान्यात बसली की दोन मजुऱ्या बुडतात. ‘सुट्टी केव्हा होईन?’ हा प्रश्न बरेचदा तब्येतीचा नसून सोयाबीनच्या सवंगणीचा किंवा धानाच्या रोवणीचा असतो. परिचारिकेला तो अडाणीपणा वाटला की भांडण होते. आदिवासी भागात कुपोषित बालकाजवळ राहणाऱ्या पालकाला नवसंजीवनी योजनेत बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. बाळंतपणाआधी गरोदर बाईला नातेवाइकासह आरोग्य केंद्राजवळ राहता यावे म्हणून २०१०-११ पासून माहेरघरे आहेत. इतर रुग्णांच्या घरच्यांना मात्र वऱ्हांडा, झाडाखालचा पार आणि कुणी दिलेला डबा. नातेवाइकांचे हे हाल अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगे महाराजांनी फार आधी ओळखले होते. त्यांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी केली.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांची गोष्ट वेगळी. पूर्व विदर्भात आणि आदिवासी भागात हा आजार बराच आढळतो. कळा येतात त्या हाडांत, आणि बाहेरून काही दिसत नाही. तेच मूल वर्षातून अनेकदा भरती होते, म्हणून वॉर्डात ते ‘नेहमीचं’ ठरते आणि त्याचे दुखणे थोडे खोटे मानले जाते. आई ही अविश्वासाची नजर बरोबर ओळखते. आजार आईवडील दोघांकडून आलेला असतो हे नीट समजावले नाही तर सासरी तिचेच माहेर उद्धारले जाते. त्यामुळे इथे समुपदेशन नवरा-बायकोला एकत्र बसवूनच करावे लागते.

भाषेचा प्रश्न मेळघाटात कोरकूचा, भामरागडकडे माडियाचा, यवतमाळकडे कोलामीचा. गावची आशा सोबत असेल तर ती दुभाषी होते. मेळघाटात रुग्ण आधी भूमकाकडे, म्हणजे गावातल्या पारंपरिक उपचार करणाऱ्याकडे, जाऊन आलेला असतो. त्यावरून आजारी मुलाच्या आईला चारचौघांत बोलले की पुढच्या खेपेला ती दवाखान्यात आणखी उशिरा येते.

वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवर हल्ला केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड, असा २०१० चा महाराष्ट्र अधिनियम आहे. त्याचे फलक रुग्णालयांत लागलेले दिसतात. पाळीवरच्या एकट्या सिस्टरला त्याचा आधार हवाच. पण भेटीची वेळ, डॉक्टर केव्हा बोलतील आणि तक्रार कुणाकडे करायची, हे तितक्याच मोठ्या अक्षरांत लिहिलेले सापडत नाही. ज्या पाळीत रुग्ण दगावला तिच्यानंतर परिचारिकेशी कुणी बोलावे अशी व्यवस्थाही सहसा नसते. अहवाल देऊन ती पुढच्या खाटेकडे जाते.