ऊन फुकट, पण व्याज कोण भरणार?

सौर वीज स्वस्त का झाली असं कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे, चीनमधले पॅनल स्वस्त झाले म्हणून. बरोबरच आहे ते. पण भारतात हा भाव ज्या पद्धतीने पडला त्यात पॅनलइतकाच हात बँकांचा आणि करारातल्या बारीक अक्षरांचा आहे, आणि ही बाजू फारशी कोणी सांगत नाही कारण ऐकायला जरा रटाळ वाटते.

कोळशाच्या प्लांटचा खर्च बराचसा रोजचा असतो. कोळसा आणा, जाळा, वीज विका, आलेल्या पैशातून पुढचा कोळसा आणा. सोलरमध्ये इंधनाचं बिलच नाही, पण जवळजवळ सगळा खर्च पहिल्याच वर्षी करून बसायचा आणि मग 25 वर्षं युनिट विकून तो वसूल करत राहायचं. तिथे कोळशाचं बिल, तर इथे कर्जाचा हप्ता.

आता थोडं गणित करू, अगदी ढोबळ. समजा 1 मेगावॅटच्या प्लांटला 4 कोटी लागले आणि आपल्याकडच्या चांगल्या उन्हात तो वर्षाला 18 लाख युनिट देतो. सगळा पैसा 12 टक्क्यांनी उचलला तर 25 वर्षांसाठी वर्षाचा हप्ता येतो साधारण 51 लाख, म्हणजे युनिटमागे 2 रुपये 83 पैसे. तोच पैसा 8 टक्क्यांनी मिळाला तर हप्ता 37 लाखांच्या वर, आणि युनिट 2 रुपये 8 पैशांना पडतं. ना पॅनल बदललं ना सूर्य, तरी 75 पैसे गेले कुठे? व्याजात. गंमत म्हणजे तोच प्लांट त्याच खर्चात जर्मनीत उभारला, जिथे ढगाळ हवेमुळे जेमतेम 10 लाख युनिट मिळतील, पण कर्ज 3 टक्क्यांनी मिळालं, तर युनिट 2 रुपये 30 पैशांना पडेल! म्हणजे ऊन जवळपास निम्मं असूनही आपल्या 12 टक्केवाल्यापेक्षा स्वस्त. (मेंटेनन्स, विमा, टॅक्स यात काहीच धरलेलं नाही, उगाच कोणी भांडायला येऊ नका.)

मग आपल्याकडे व्याज चढं का? महागाई, रुपयाची घसरण ही कारणं आहेतच, पण एक कारण फार जुनं आहे, वीज घेणाऱ्या सरकारी वितरण कंपन्या पैसे वेळेवर देत नाहीत. ज्या गिऱ्हाईकाची उधारी सहा-सहा महिने थकते त्याला किराणावाला माल देईलही, पण भाव लावून. बँकेचंही तसंच.

2010 च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय सौर मिशनचा पहिला लिलाव झाला तेव्हा बोली होत्या युनिटमागे 10 रुपये 95 पैशांपासून 12 रुपये 76 पैशांपर्यंत. लिलाव उलटा असतो बरं का, जो कमी भावात वीज देईल तो जिंकला. जानेवारी 2016 मध्ये राजस्थानात भाव 4 रुपये 34 पैशांवर आला. आणि मग फेब्रुवारी 2017 मध्ये मध्य प्रदेशातल्या रीवाचा लिलाव झाला, 750 मेगावॅटचा, सलग 33 तास बोली खाली खाली जात राहिली आणि पहिल्या वर्षाचा भाव निघाला 2 रुपये 97 पैसे. पुढे 15 वर्षं दरवर्षी 5 पैसे वाढ, ती धरून सरासरी 3 रुपये 30 पैसे.

रीवात ऊन काही वेगळं पडत नव्हतं, राजस्थानपेक्षा कमीच. पण लिलावाच्या आधीच जमीन ताब्यात होती, प्रत्येकी 250 मेगावॅटचे तीन प्लॉट पाडलेले होते, आतल्या सबस्टेशन आणि लाइनसाठी वर्ल्ड बँकेचं कर्ज होतं. वीज तयार आहे पण ग्रिड बंद आहे म्हणून घेता आली नाही, तर त्याची भरपाई ठरलेली. आणि पैसे थकले तर? त्यासाठी वेगळा फंड ठेवला आणि त्याच्यामागे राज्य सरकारची हमी लावली. शिवाय 24 टक्के वीज घेणार दिल्ली मेट्रो. गंमत बघा, यातलं एकही कलम वीज तयार करण्याबद्दल नाही, सगळी भीती कमी करण्याबद्दल आहेत. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांतल्या सगळ्या मोठमोठ्या घोषणांपेक्षा या एका कराराने जास्त काम केलं.

तीनच महिन्यांत राजस्थानात भडलाला 2 रुपये 44 पैसे आणि डिसेंबर 2020 मध्ये गुजरातेत चक्क 1 रुपया 99 पैसे. पुढे आयात पॅनलवर 40 टक्के ड्युटी बसली, भाव पुन्हा अडीचच्या आसपास आला.

भीती परत आणणंही सोपं असतं. 2019 ला आंध्रात सरकार बदललं आणि नव्या सरकारने जुने करार महाग आहेत, भाव कमी करा असं सुरू केलं, प्रकरण हायकोर्टात गेलं, 2022 मध्ये कोर्टाने मूळ भावच द्या म्हणून सांगितलं. कंपन्या जिंकल्या, पण तोपर्यंत प्रत्येक बँकेच्या फाइलला आंध्राचं उदाहरण चिकटलं होतं.

2022 च्या जूनमध्ये केंद्राने नियम आणला, वितरण कंपन्यांनी थकबाकी हप्त्यांत फेडावी, नाहीतर पॉवर एक्सचेंजवरची, म्हणजे विजेच्या बाजारातली, खरेदी बंद. ऑगस्टमध्ये खरंच 13 राज्यांतल्या वितरण कंपन्यांवर बंदी आली आणि त्या यादीत आपला महाराष्ट्रही होता. मग पटापट पैसे निघाले.

महाराष्ट्रात यातलं सगळ्यात इंटरेस्टिंग काम सौर कृषी वाहिनीचं आहे. शेतीची वीज रात्री यायची, म्हणजे थंडीत दोन वाजता बॅटरी घेऊन पिकाला बारं (पाणी) द्यायला जायचं, पायाखाली साप आणि उसात बिबट्या. आता शेतीच्या फीडरजवळच, म्हणजे शेतपंपांना वीज नेणाऱ्या लाइनजवळच, छोटे सोलर प्लांट बसवायचे आणि पंपाला दिवसा वीज द्यायची. 2024 मध्ये याचे भाव आले 2 रुपये 90 पैसे ते 3 रुपये 10 पैसे. राजस्थानातल्या मोठ्या पार्कपेक्षा जास्त वाटतात, पण ही वीज शेकडो किलोमीटर वाहून आणायची नाही हे लक्षात घ्या.

अडचण आता वेगळ्याच ठिकाणी आली आहे. लिलाव होतात, कंपन्या जिंकतात, आणि 40 गिगावॅटहून (म्हणजे 40 हजार मेगावॅटहून) जास्त प्रकल्पांच्या विजेला 2025 मध्ये घेणारा सापडत नव्हता. राज्यं म्हणतात, थांबू, भाव अजून पडेल. आणि दुपारची वीज तर आता त्यांच्याकडे भरपूर आहे, हवी आहे ती संध्याकाळी सातनंतर, जेव्हा पॅनल झोपलेले असतात आणि घराघरात दिवे, पंखे, मिक्सर सगळं सुरू असतं. म्हणून टेंडर आता बॅटरीसकट निघतात. दोन तासांच्या बॅटरीचं भाडं 2022 मध्ये मेगावॅटला महिना जवळपास 11 लाख होतं, 2024 संपेपर्यंत दोन-अडीच लाखांवर आलं. बॅटरीलाही सगळा पैसा पहिल्याच दिवशी लागतो, त्यामुळे हे करार घेऊन कंपन्या बँकेत गेल्या की पहिली चौकशी वीज कोण घेणार आणि त्याचं बिल भरण्याचं रेकॉर्ड कसं आहे याचीच होते.