वाकळेला नजर लागत नाही

"तुझ्या हाताला नजर लागली बघ," समोरच्या काकूंनी निदान करून टाकलं. दोन वर्षांत मी सहा वाकळा शिवल्या होत्या. (कऱ्हाडकडची वाकळ म्हणजे पुण्याची गोधडी.) सातवी निम्मी झाली आणि खोचलेल्या सुईसकट दिवाणात गेली ती आठ महिने तिथंच. काकूंच्या मते सहावीचं कौतुक फार झालं होतं. इलाज एकच, मीठ-मोहऱ्या उतरवून टाकणे.

मोहऱ्या मी फोडणीला ठेवल्या. पण प्रश्न खराच होता. हात तेच, दोरा तोच, चष्म्याचा नंबरही तोच. मग ओढ गेली कुठं?

मोबाइलवर याचं उत्तर तयार असतं: तुमचं डोपामिन, म्हणजे ‘आनंदाचं रसायन’, बिघडलंय. आठवडाभर फोन, गोड, गप्पा सगळं बंद करा आणि ‘डोपामिन डिटॉक्स’ करा. ही मला नजर उतरवण्याचीच शहरी तऱ्हा वाटते. डोपामिन काही साचलेलं विष नाही. मेंदूच्या तळाशी ते बनवणाऱ्या पेशी मरत गेल्या, तर पार्किन्सनचा आजार होतो.

आणि ते आनंदाचं रसायन तरी कुठं आहे? मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी अशा उंदरांचा अभ्यास केला, ज्यांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ नाहीसं केलेलं होतं. हे उंदीर समोरचं अन्न खायलाही हलत नाहीत, त्यांना भरवावं लागतं. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की इतर उंदरांसारखेच जिभल्या चाटतात. गोडी शाबूत, ओढ तेवढी गेलेली. माझंही तसंच काहीसं झालं होतं. सहावी वाकळ पांघरून झोपताना छानच वाटायचं, सातवी बाहेर काढायचा मात्र कंटाळा.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग, त्यामुळे इथं जरा रेंगाळणार आहे. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ माकडांच्या मेंदूतल्या एकेका डोपामिन पेशीचे विद्युत ठोके मोजत होते. माकडाला अवचित फळाचा रस मिळाला की पेशी तडतडायची. मग रसाच्या आधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली, समजा दिवा. माकड ते शिकलं, तसे ठोके दिव्यालाच पडू लागले आणि रस आला तेव्हा पेशी शांत. रस तोच, तेवढाच! दिवा लावून रस दिलाच नाही, तर रस यायच्या नेमक्या वेळेला पेशीचे एरवीचे संथ ठोकेसुद्धा बंद पडायचे. १९९७ साली शुल्ट्झ, पीटर दायान आणि रीड मॉन्टेग्यू यांनी याचा अर्थ लावला: पेशी बक्षीस मोजत नाही, मिळालं किती आणि अपेक्षित किती होतं यांतली तफावत मोजते.

हिशेब करून बघू. समजा वाकळ पुरी झाली की १० गुण सुख मिळतं आणि दरवेळी तफावतीचा पाचवा हिस्सा मेंदू पुढच्या अपेक्षेत जमा करतो. पहिल्या वाकळेला अपेक्षा ०, तफावत १०. दुसरीला अपेक्षा २, तफावत ८. तिसरीला तफावत ६.४. सातवीपर्यंत येता येता ती २.६ उरते. सुख प्रत्येक वेळी १०च आहे, पण ढकलणारा जोर आटत चाललाय.

तफावत नुसती आटत नाही, मागेही सरकते. या क्षणाची तफावत म्हणजे आत्ता मिळालेलं, अधिक पुढच्या क्षणाकडून असलेली अपेक्षा, वजा याच क्षणाकडून असलेली अपेक्षा. (हे वाक्य मीही तीनदा वाचते. सोडून दिलंत तरी चालेल.) परिणाम असा, की जोर शेवटच्या टाक्यावरून सरकत सरकत सगळ्यांत पहिल्या भरवशाच्या खुणेवर जाऊन बसतो. माझ्याकडे ती खूण होती कापडाचं दुकान. शिवणं बंद पडलेल्या त्या आठ महिन्यांत मी ट्रंकभर खणांचे तुकडे आणि इरकली काठ आणले! माकडांचे प्रयोग काही सेकंदांचे आणि माझी वाकळ चार महिन्यांची, तेव्हा ही उडी माझी आहे. पण ट्रंक साक्षीला आहे.

आणि काकू म्हणाल्या त्या फार झालेल्या कौतुकाचं काय? १९७१ साली एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. ज्यांना पैसे दिले, त्यांचा नंतरचा रस घटला. ज्यांना नुसती शाबासकी दिली, त्यांचा घटला नाही. १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या बालवाडीत चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्र दिलं, तर पुढं ती मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढायला बसली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, अवचित दिलं, ती पहिल्यासारखीच रमली. सहावीनंतर मी ऑर्डरी घेतल्या होत्या: ठरलेलं माप, ठरलेले रंग, ठरलेली तारीख. सातवी त्यातलीच पहिली.

(एक गंभीर गोष्ट. एका छंदाचा कंटाळा वेगळा आणि खाणंपिणं, माणसं, सगळ्यातलीच चव आठवडेच्या आठवडे जाणं वेगळं. ते नैराश्य असू शकतं, तिथं डॉक्टरांकडेच जायचं.)

सुई परत हातात आली ती काही मी हा हिशेब मांडला म्हणून नव्हे. दिवाळीच्या साफसफाईत बोहारणीसाठी काढलेलं गाठोडं सुटलं आणि वरच आईचं विटकं लुगडं निघालं. सातवीचा आगाऊ पैसा परत केला, आखलेला नकाशा फेकला आणि गाठोड्यात हात घालून येईल ते ठिगळ धावदोऱ्यानं लावत सुटले. आजी असंच शिवायची. काठाकडून आत, चौकोनात चौकोन. शुल्ट्झ यांच्याच गटाने २००३ मध्ये दाखवलं होतं, की रस मिळेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असेल, तर डोपामिन पेशींचे ठोके वाट बघण्याच्या काळात चढत जातात. गाठोड्यातून पुढं काय निघेल हे मला ठाऊक नसतं, तो हा काळ असावा.

आजी वाकळेच्या मधोमध शेवटी एक चौकोनी तुकडा लावायची, त्याला घास म्हणायची. सातवीचा घास अजून लागायचाय. काकू काल एक जुनं झबलं देऊन गेल्या, आणि जाताना वाकळेवरून मीठ-मोहऱ्याही उतरवून गेल्या.